रानातल्या फेरीला निघताना
(वाचकांचे प्रश्न, भटकंतीची उत्तरं)

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ६३. दिवाळीत पुण्याहून नातवंडं येताहेत, नऊ आणि बारा वर्षांची. त्यांना इथल्या रालामंडल टेकडीवरच्या अभयारण्यात न्यायचंय. चढलो त्याच वाटेनं उतरायचं यात त्यांना मजा वाटत नाही, रानातून गोल फिरून यायचंय. पण आमच्या ह्यांचा उजवा गुडघा उतरताना दुखतो, आणि बिबट्याच्या बातम्या वाचून माझी झोप उडते. जावं का?

उत्तर : ताई, जरूर जा. होळकरांच्या शिकारगाहच्या ओट्यावर उभं राहून मुलांना सांगा की इथं एकेकाळी शिकारीसाठी येत, आणि १९८९पासून हेच रान अभयारण्य आहे. माझ्या भाच्याला हे तिथं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प उभा होता.

मात्र गोल वाटेची एक गोष्ट निघण्याआधी घरात सगळ्यांना सांगा. गेलो त्याच वाटेनं परतायचं असेल तर दमल्यावर मागं वळायचं, बस. गोल वाटेवर अर्ध्याच्या पुढं गेलात की मागं फिरणं पुढं जाण्यापेक्षा लांब पडतं. ओंकारेश्वरला मांधाता बेटाची परिक्रमा केली असेल तर आठवून बघा, अर्धी झाल्यावर पाय कितीही भरून आले तरी पूर्ण करण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून परतायचं ठरवण्याची जागा अर्ध्यावर नको, एक तृतीयांश वाट झाल्यावर हवी. तिथं बसा, पाणी प्या आणि ह्यांना सरळ विचारा. गुडघा बोलायला लागला असेल तर तिथूनच परत. मुलं हिरमुसतील, हिरमुसू द्या.

हे मी चोरलजवळच्या रानात शिकले. जानेवारीत दुपारी अडीचला आम्ही तिघं निघालो, म्हणजे आधीच उशीर. एका फाट्यावर डावीकडची वाट जास्त मळलेली दिसली, ती धरली. वीस मिनिटांनी फांद्या छातीला लागायला लागल्या. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या असतात, ढोरवाटेवर फक्त गुरांच्या पाठीपर्यंत. खाली वाट स्वच्छ आणि वर जाळी, म्हणजे ती गुरांनी पाडलेली. ही खूण मला तेव्हा ठाऊक नव्हती. अंधारात, भाच्याचा हात घट्ट धरून, आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. त्या रात्रीची भीती अजून माझ्या अंगात आहे. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर मी मागं वळून बघते, कारण परत येताना फाटा वेगळाच दिसतो. मुलांनाही हेच काम द्या. बारा वर्षांची मुलं ते मोठ्या माणसांपेक्षा चोख करतात.

आता गुडघा. फेरी कुठल्या बाजूनं करायची हे उतारावरून ठरवा. उभी बाजू चढायची, सौम्य बाजू उतरायची. चढताना दम लागतो आणि तो बसलं की जातो, गुडघ्यावर खरा भार उतरताना येतो. आपल्या माळव्यातल्या काळ्या दगडाचा मुरूम सुटा असतो, उतारावर हरभऱ्याच्या दाण्यांवर पाय पडल्यासारखं होतं. काठी आधी खाली टेकवायची, मग पाय. पावलं लहान, थोडी तिरपी. कुठल्या वाटा त्या दिवशी खुल्या आहेत ते मात्र फाटकावरच्या वनरक्षकांना विचारा. जनावर दिसलं असेल तर ते वाट बंद ठेवतात, तिथं वाद घालू नका.

वेळेचा हिशेब असा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरतात, साधारण ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. चार किलोमीटर आणि दीडशे मीटर चढ म्हणजे तासाभराला थोडं वर. पण तो धडधाकट माणसाचा हिशेब. तुमच्या मंडळींसाठी दुप्पट धरा. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे पावणेसहाला सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच जा. पोहे-जलेबी परतल्यावर.

बिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतो, म्हणून चांगलं ऊन पडल्यावर आत शिरा. एक मोठं माणूस पुढं, एक मागं, मुलं मध्ये. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. धाकट्याला उचलून घ्या, सगळे एकमेकांना चिकटून उभे राहा, मोठ्यानं बोलत सावकाश मागं सरा. हे अंगणात एकदा करून बघा. भीतीच्या वेळी ऐकलेलं आठवत नाही, केलेलं आठवतं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट जाड. तेव्हा कुसळं पिकलेली असतात, सुती मोज्यांत घुसली की मुलं रडकुंडीला येतात. मखमली तपकिरी शेंगांच्या वेलाला कुणी हात लावायचा नाही, ती खाजकुयरी. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, लव तिच्यासोबत निघते, मग पाण्यानं धुवा.

प्रश्न : माझ्या मुलीला अभयारण्यात गळलेलं मोरपीस सापडलं. रक्षकानं ते तिथंच ठेवायला लावलं. ती रडली. इतकं कडक कशाला? (रामबाग)

उत्तर : तिचं रडणं मला समजतं, श्रावण-भाद्रपदात मोर पिसारा गाळतात आणि ओल्या पाचोळ्यात ते निळं चमकताना दिसलं की कुणाचाही हात पुढं होतो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून काहीही परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. गळलेलं पीस आणि उपटलेलं पीस यात बघून फरक करणं फाटकावर सोपं नसतं, म्हणून रक्षक दोन्ही अडवतो. पुढच्या वेळी तिला वही-पेन्सिल द्या. पीस जिथं पडलंय तिथं बसून तिनं त्यावरच्या डोळ्याचं चित्र काढावं, हिरवा कुठं संपतो आणि निळा कुठं सुरू होतो ते बघत. चित्र झालं की मला पाठवायला सांगा.