विचारा वायरमनला: कूलरच्या झिणझिण्या आणि तापलेली वायर

प्रश्न: आमचं पत्र्याचं घर आहे. खोलीत एकच पॉइंट, तोही दारापाशी. कूलर खिडकीत, म्हणून दहा मीटर वायरचा बोर्ड आणला. पाणी भरताना कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याच बोर्डावर सासूबाई इंडक्शन शेगडी लावतात तेव्हा वायर गरम लागते. उरलेली वायर गुंडाळून पलंगाखाली सरकवली आहे. चांगला बोर्ड कोणता घ्यावा?
– एक गृहिणी, सेलू, जि. परभणी

उत्तर: ताई, बोर्डाचं नंतर बघू. आधी कूलरची पिन काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लेकरांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. झिणझिण्या येतात म्हणजे पंपाचा किंवा पंख्याच्या मोटारीचा करंट कूलरच्या पत्र्यात उतरतोय. तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा; रस्ता नाही म्हणून तुमच्या हातातून जातोय.

हा रस्ता बहुतेक वेळा बोर्डातच तुटलेला असतो. स्वस्तातला बोर्ड मी खोलतो तेव्हा वरून तीन भोकं आणि आत वायरी दोनच! तिसरं भोक नुसतं शोभेला. बोर्ड ठीक निघाला तर भिंतीतला पॉइंट तपासा. काही ठिकाणी अर्थिंगची वायर सापडत नाही म्हणून तिसरं टोक सरळ न्यूट्रललाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीलाच जोडून देतात. हे कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर अख्ख्या कूलरवर फेज, म्हणजे जिवंत करंट येतो.

मग अर्थिंगचा खड्डा. आपली काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, ओल जाते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग ऐन कूलरच्या दिवसांत कमजोर होतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. आणि मेन बोर्डावर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच बसवून घ्या, आमच्यातले बरेच जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा स्विच, वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. तो बसवल्यावर लाईट सारखी जायला लागली तर त्याला काढून टाकू नका, गळती शोधा. आणि कूलरमध्ये पाणी भरायचं ते पिन काढूनच.

आता गरम वायरीचं. कूलर साधारण 200 वॅटचा, त्याला एक अँपियरही लागत नाही. 2000 वॅटची शेगडी मात्र पावणेनऊ अँपियर ओढते. सहा अँपियरचा बोर्ड 230 व्होल्टवर 1380 वॅटपर्यंतच. शिवाय अशा बोर्डाला बऱ्याचदा पाऊण एमएमची (आतल्या तांब्याची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये) वायर असते. दहा मीटर पाऊण एमएम तांब्यात, जाऊन-येऊन, ही शेगडी सुमारे 40 वॅट नुसती उष्णता सोडते. दीड एमएम असेल तर त्याच्या निम्मी. साधं पीव्हीसीचं आवरण 70 अंशांपर्यंत टिकतं. पण पत्र्याखाली दुपारी खोलीच पंचेचाळिशीला गेलेली असते, म्हणजे वायरला तापायला जागाच थोडी. त्यात तुम्ही ती गुंडाळून पलंगाखाली ठेवलीत, हे वैशाखात गोधडी पांघरून झोपल्यासारखं झालं. आधी ती सोडवा.

शेगडीला एक्स्टेन्शन नकोच. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ अडीच एमएमची वायर ओढून सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट करून घ्या. मोठी पिन लहान भोकात बसवणारा तो जोड बाजारात मिळतो, त्याने पिन बसते पण वायर काही जाड होत नाही.

कूलरसाठी तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली), एक एमएम तांब्याची वायर भरपूर झाली, लांबी लागेल तेवढीच. वायरवर आयएसआयची खूण आणि आयएस 694 छापलेलं बघा. पिन-सॉकेटसाठी आयएस 1293. दुकानदार ओळखीचा असेल तर वायरचं टोक ब्लेडने खरवडायला सांगा. आतून पांढरं निघालं तर वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगा आणि वायरला बोर्डाखाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी आत न जाता झोळावरून खाली ठिबकेल.

प्रश्न: शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमचं व्होल्टेज पडतं. स्पाइक गार्डचा बोर्ड घेतला तर फ्रीज वाचेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: नाही. स्पाइक गार्ड क्षणभर उसळणारं व्होल्टेज अडवतो, पडलेलं वर उचलत नाही. व्होल्टेज कमी असलं की फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, जास्त करंट ओढतो आणि जळतो. तुम्हाला स्टॅबिलायझर लागेल. तो भिंतीच्या पॉइंटवर लावा, बोर्डावर नाही.