‘बायोई३’ धोरणातून खानदेशातल्या केळी-कपाशीवाल्यांना काही मिळणार आहे का?

तुमचा प्रश्न वाचला. रावेर तालुक्यात माझी केळी आणि थोडी कपाशी आहे, तेव्हा बांधावरून जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

हे धोरण केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं, जैवतंत्रज्ञानाने वस्तू बनवणाऱ्या उद्योगांना बळ देण्यासाठी. मंत्रिमंडळाने ते २४ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केलं. त्यात एन्झाइम, जैवप्लास्टिक, स्मार्ट प्रथिनं, औषधोपचार, हवामानाला टिकणारी शेती, कार्बन पकडणं, झालंच तर समुद्र आणि अंतराळही आहे. पण पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर शेतात उरणारी वाळकी झाडं, त्यात शोधू नका. २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरची जैव-अर्थव्यवस्था म्हणतात, त्यात लसी आणि औषधंही मोजलेली असतात. त्या आकड्यावर कर्ज काढू नका भाऊ.

आपल्या उपयोगाची धोरणं त्याआधीची. २०१८ चं जैवइंधन धोरण, त्याच वर्षीची बायोगॅसची ‘सतत’ योजना, आणि कोळशावरच्या वीज केंद्रांनी ५ टक्के बायोमास पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) जाळावेत हा २०२१ चा नियम. कोळशाचं केंद्र तर आपल्या भुसावळजवळ दीपनगरलाच आहे.

यातलं इथेनॉल आपल्या खिशापर्यंत आलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मका त्यांच्यापर्यंत लगेच पोचला, कारण पोती, वजनकाटा, आडत्या, बाजार समिती हे सगळं आधीच होतं. पऱ्हाटीला यातलं काहीच नाही. माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय.

दोन वर्षांपूर्वी मी ब्रिकेटच्या, म्हणजे काडीकचरा दाबून जळणाच्या विटा करणाऱ्या, एका कारखान्याला फोन केला होता. भाव बरा सांगितला, पण माल सुकलेला, कुट्टी केलेला आणि त्यांच्या दारात पोच हवा. पऱ्हाटी उपटायची मजुरी, कुट्टी यंत्राचं भाडं, चाळीस किलोमीटरचं डिझेल. ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर चढवली की वजन काहीच भरत नाही. हिशोब केला तर पदरचे पैसे जात होते. बरं, सुकेपर्यंत बांधावर रचून ठेवावी तर गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. रब्बीची घाई असतेच. मग लोक काडी लावतात. मीही लावली.

केळीचं वेगळंच. एका झाडाला एकदाच घड येतो, मग खोड आडवं. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी १७४२ खोडं. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, म्हणजे खोडं वाहून नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. कापताना चीक कपड्यावर उडाला तर डाग जन्मात जात नाही, म्हणून मजूरही कुरकुरतात. खोडापासून धागा निघतो, यंत्रं आहेत. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने तर खोडाच्या रसापासून ‘नोवेल’ नावाचं द्रवखतही काढलं. पण धाग्याचं यंत्र शेताजवळ आलं तरच ते जमतं, खोड यंत्राकडे नेऊन नाही. आणि सगळंच विकावं असंही नाही. खोडात पोटॅश भरपूर असतं. रोटाव्हेटर मारून जमिनीत गाडलं तर पुढच्या पिकाला मिळतं. खोड विकलं तर तेवढं खत विकत आणावं लागेल, हे धागेवाले सांगत नाहीत.

म्हणून तुमच्या गावात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर मोठ्या प्रकल्पाच्या मागे लागण्याआधी कुट्टी यंत्र, गाठी बांधायचं यंत्र आणि पावसात न भिजणारी एक शेड मिळते का बघा. एकट्याच्या चार एकरांवर यातलं काहीच परवडत नाही. वीस-पंचवीस जणांची पऱ्हाटी एकदम निघाली तर भावाचं बोलता येतं.

त्या कारखानेवाल्याचा अजून दर जानेवारीत फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुट्टी करून ठेवली का?’