मुलाचा पहिलाच सिनेमा चालला, आता मीरा रोडला फ्लॅट बुक करू का?

नमस्कार सर. वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. सोलापूर जिल्ह्यातले झेडपी शिक्षक, पगार 62 हजार, मुलगा 17 वर्षांचा, अभिनय कधी शिकलेला नाही, गावात ऑडिशनला आलेल्या दिग्दर्शकाने उचलला आणि सिनेमा चालला. फी 5 लाख, त्यानंतर उद्घाटनं, दहीहंडी, गणपती मिळून 16 लाख. आता बारावी सोडून मुंबईला जायचं, मीरा रोडला 70 लाखांचा फ्लॅट घ्यायचा, टोकन देऊन झालंय.

माझं स्पष्ट मत, फ्लॅट घेऊ नका. निदान तीन वर्षं तरी नको.

हिशोब बघा. 20 टक्के म्हणजे 14 लाख आपले, स्टॅम्प ड्युटी नि रजिस्ट्रेशन धरून अजून 5 लाखांच्या वर, म्हणजे 21 मधले 19 लाख पहिल्याच दिवशी गेले आणि वर 56 लाखांचं लोन, साडेआठ टक्क्याने 20 वर्षं धरलं तर हप्ता साधारण 48-49 हजार. मुलगा अल्पवयीन आहे म्हणजे लोन तुमच्याच नावावर, आणि 62 हजार पगारावर बँक एवढं देणार नाही. बिल्डरचा माणूस म्हणतोय इव्हेंटचं उत्पन्न दाखवू, पण बँका दोन-तीन वर्षांचे रिटर्न बघतात, एका सीझनची कमाई नाही. एका वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून माळावर ऊस लावायचा, तसं होईल हे.

पैशापेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. अशा मुलांना घेतात ते ती त्या भूमिकेसारखीच असतात म्हणून, तीच बोली, तसंच चालणं. पुढच्या सिनेमाला ते लागेलच असं नाही, तिथे शिकलेलं कामाला येतं. 1988 च्या सलाम बॉम्बे सिनेमातला शफीक सय्यद, रस्त्यावरून आलेला पोरगा, मुख्य भूमिका, राष्ट्रीय पुरस्कार, पुढे पतंग नावाचा एक सिनेमा आणि मग कामच नाही, शेवटी बंगळुरूला परत जाऊन रिक्षा चालवली. गुण नव्हता म्हणून नाही झालं हे, पुढचा रस्ता कुणी तयारच केला नव्हता. आणि चेहरा ओळखीचा झाला की साधी नोकरी करणंही जड जातं, दुकानात उभा राहिला तरी लोक म्हणणार, अरे हिरो इथे काय करतोय. हे वर्षानुवर्षं चालतं आणि पोरं त्यात आतून खचतात. अशात 49 हजारांचा हप्ता डोक्यावर असेल तर तो कुठल्याही फालतू कामाला नाही म्हणू शकणार नाही, आणि परत कॉलेजला जातो असंही म्हणू शकणार नाही.

म्हणून बारावी अजिबात सोडू देऊ नका. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राला नाट्यशास्त्राचं बीए बारावीनंतरच करता येतं, एफटीआयआय (पुण्यातली सिनेमाची संस्था) आणि एनएसडीला (दिल्लीची नाट्यशाळा) तर पदवी लागते. कॉलेजात गर्दी होत असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. अकलूजची रिंकू राजगुरू सैराटनंतर केवढ्या गर्दीत सापडली होती, तरी तिने 2017 ला दहावी आणि 2019 ला बारावी केलीच ना.

पैसे मुलाच्या कष्टाचे आहेत, तेव्हा ते त्याच्याच नावावर राहू द्या. 14 च्या आतल्या बालकलाकारांच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावाने एफडी करायचा नियम आहे, तुमचा मुलगा त्यात बसत नाही, पण घरातला नियम म्हणून तुम्ही 80 टक्के ठेवा असं मी म्हणेन. स्लमडॉग मिलेनियर सिनेमातल्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी जय हो ट्रस्ट केला होता तो याच विचाराने, शाळा चालू ठेवायची आणि मोठी रक्कम 18 नंतर.

मी असं करेन: 2 लाख टॅक्ससाठी बाजूला. फीवर 10 टक्के टीडीएस कापला असेल तर तो रिटर्न भरल्याशिवाय परत मिळायचा नाही, शिवाय चित्रपट कलाकारांना मिळालेल्या पैशांतले निम्मेच उत्पन्न म्हणून धरायची सोय आहे, उद्घाटनांच्या पैशाला ती लागते का हे सीएला विचारा आणि रोखीत आलेलं काही लपवू नका. मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं त्याच्याच नावे टॅक्सला धरतात, तुमच्या पगारात मिळवत नाहीत, एफडीचं व्याज मात्र तो 18 चा होईपर्यंत आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. 7 लाख पुण्यातल्या तीन वर्षांसाठी, खोली, मेस, फी, वर्कशॉप, दरवर्षी एक मोडता येईल अशा एफडीत. उरलेले 12 लाख किमान तीन वेगळ्या बँकांत विभागून, कारण ठेवीचा विमा एका बँकेत 5 लाखांपर्यंतच असतो. तो 18 चा झाला की त्याला सोबत बसवून यातले थोडे इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीने, म्हणजे दरमहा थोडे थोडे, वळवा. नातेवाईक उसने मागतील, मंडळं वर्गणी मागतील, त्यांना सांगा पैसे पोराच्या नावावर अडकलेत, आणि ते खरंच असेल.

इव्हेंट मिळतील तोवर जरूर करा, फक्त परीक्षेचे दोन महिने सोडून. पुढच्या वर्षी रेट निम्म्यावर आला तर घाबरू नका, असंच होतं.

टोकनचं तेवढं या आठवड्यात बघा. अलॉटमेंट लेटर दिलं असेल तर रद्द करायच्या अटी त्यातच असतात आणि जितका उशीर कराल तितकी कपात वाढू शकते. ॲग्रीमेंटवर सही करू नका, रद्द करतोय असं लेखी द्या, ईमेलही करा, आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा.