नग्नरेखाटनं विकली, गेटवेने पैसे अडकवले

प्रश्न : मी नाशिकची चित्रकार. नग्न मानवाकृतींच्या रेखाटनांचे डिजिटल संच माझ्या वेबसाइटवर विकते. पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारून मला देणाऱ्या कंपनीने) ‘प्रौढ आशय’ म्हणत खातं बंद केलं, 46,000 रुपयेही रोखले. माझी चित्रं अश्लील नाहीत. कोर्टात जाऊ का?

उत्तर : ताई, चित्रं अश्लील नसतीलही. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात 2014 सालीच सांगितलंय. पण ती ढाल न्याय संहितेच्या कलम 294 किंवा आयटी कायद्याच्या कलम 67 खाली गुन्हा दाखल झाला तर उपयोगाची. गेटवेने गुन्हा लावलेला नाही, करार संपवलाय. त्याच्या निषिद्ध मालाच्या यादीत ‘प्रौढ आशय’ असतोच आणि तिथे कलेला सूट क्वचितच मिळते.

त्याचंही कारण आहे. ऑक्टोबर 2021 पासून मास्टरकार्ड प्रौढ आशय विकणाऱ्याच्या बँकेकडून चित्रित व्यक्तींच्या वयाचे आणि संमतीचे पुरावे, प्रसिद्धीपूर्व तपासणी मागतं. शिवाय घरी स्टेटमेंट पाहिलं गेलं की ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ म्हणणारे महाभाग या धंद्यात जास्त. दोन-अडीच टक्के कमिशनसाठी एवढी झंझट कोण घेणार?

त्यामुळे खातं परत मिळवायला कोर्टकचेरी नको. पैशांचं मात्र सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ही रक्कम बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे विक्रेत्यांचे पैसे वेगळे सांभाळणाऱ्या खात्यात असते. ती गेटवेची मिळकत नाही. कार्डधारकाला तक्रारीसाठी साधारण 120 दिवस मिळतात, म्हणून करारात बहुधा 120 ते 180 दिवस रक्कम रोखण्याची सोय असते. ते कलम आधी शोधा.

मग गेटवेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करा. मर्चंट आयडी (गेटवेने दिलेला तुमचा विक्रेता क्रमांक), तुम्हाला न मिळालेल्या रकमांची तारीखवार यादी आणि खातं बंद केल्याचं पत्र जोडा. दोनच गोष्टी विचारा : रक्कम कोणत्या कलमाखाली रोखली, कोणत्या तारखेला सोडणार? कलेवर निबंध नको. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. पोटापाण्यासाठी एकट्याने धंदा करणारी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरू शकते. वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा, असं करारातलं कलम आड येत नाही. आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची.

‘चित्रकला क्लास’ दाखवून नवं खातं मात्र उघडू नका. पकडलं गेलं तर मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीत (खातं बंद केलेल्या विक्रेत्यांच्या यादीत) नाव पाच वर्षं राहतं आणि बँका तुम्हाला दारात उभं करत नाहीत. नव्या गेटवेच्या अर्जातच ‘नग्नरेखाटनं’ लिहा, मॉडेलचं संमतीपत्र आणि वयाचा दाखला जोडा. नकार आला तर निदान पैसे अडकण्याआधी येईल.