कॅननवर भांडण्याआधी

अरे, परवा सात रस्त्यावर तुझा चहा गार झाला, पण ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळयानावरचा वाद काही संपला नाही. स्टार ट्रेकवाल्यांचा दंडक साधा आहे: पडद्यावर आलं ते कॅनन, म्हणजे त्या कथाविश्वात अधिकृत खरं. म्हणजे १९७५च्या टेक्निकल मॅन्युअल या आराखड्यांच्या पुस्तकातलं तीन नॅसेलचं (इंजिनांच्या नळकांड्यांचं) ड्रेडनॉट हे मोठं लढाऊ जहाज बाद? माझा जीव आहे त्याच्यावर! गंमत अशी, की १९७९च्या चित्रपटात रेडिओवर ‘ड्रेडनॉट’ असं ऐकू येतं, जहाज मात्र दिसत नाही. आता कानांचं मानायचं की डोळ्यांचं? आणि हो, चित्रीकरणासाठीच्या एंटरप्राइजच्या मूळ अकरा फुटी मॉडेलची डावी बाजू वायरिंगमुळे अर्धवटच ठेवलेली होती. तेव्हा डावीकडच्या खिडक्या मोजून कुणाला खोटं पाडू नकोस. मी पाडलं होतं, पुढं वर्षभर बोलणी खाल्ली.