वाचकांचे प्रश्न : कंटेनरमधला डेटाबेस

प्रश्न : छावणीतल्या एका आडतीचा हिशेब आम्ही पोस्टग्रेस डेटाबेसच्या अधिकृत डॉकर इमेजवर (ज्यावरून कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवायचा वेगळा डबा, बनतो तो तयार साचा) चालवतो. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल) फक्त आवृत्ती १७ च्या जागी १८ केली, तर कंटेनर उठतो आणि लगेच पडतो. डेटा गेला का? – एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : नाही, डेटा जागेवर आहे. घाबरून व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर डेटा साठवणारी जागा, तेवढे पुसू नका. कंटेनर काढून टाकणाऱ्या 'डॉकर कंपोझ डाउन'ला '-व्ही' जोडलेत, तर नाव दिलेले व्हॉल्यूमही जाते, आणि मग मात्र हाती काही उरत नाही.

इथे दोन कारणे एकत्र आली आहेत. १७ ने लिहिलेली डेटा डिरेक्टरी १८ उघडत नाही. मुख्य आवृत्ती बदलली की हे दर वेळी होते. १७.५ वरून १७.६ ला जाताना इमेज बदलली की भागते, इथे तसे नाही. दुसरे कारण १८ च्या इमेजमध्ये आहे. आजवर व्हॉल्यूम '/वार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा'वर जोडायचे; १८ पासून ते एक पायरी वर, '/वार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल'वर जोडायचे आहे. जुन्याच जागी जुना डेटा दिसला, तर इमेज चूक दाखवून थांबते. ती थांबली हे बरेच झाले, नाहीतर शेजारी रिकामा डेटाबेस तयार होऊन त्यात नव्या नोंदी पडल्या असत्या.

आता फाइलमध्ये पुन्हा १७ लिहा आणि कंटेनर उठवा. हिशेबाचे ॲप बंद करा, म्हणजे मध्येच पावती फाडली जाणार नाही. 'पीजी-डंप' (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारी आज्ञा; ती प्रत म्हणजे डंप) '-एफसी' लावून चालवा. त्यात युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, म्हणून 'पीजी-डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली' वेगळे घ्या. 'डॉकर एक्झेक'मधून (चालू कंटेनरच्या आत आज्ञा देताना) डंप बाहेरच्या फाइलमध्ये वळवताना '-टी' लावू नका: टर्मिनल ओळींच्या शेवटी जादा अक्षर घालते, फाइल दिसायला पूर्ण असते आणि रिस्टोरच्या वेळी फुटते. मग १८ साठी नव्या नावाचे व्हॉल्यूम घ्या, ते वर सांगितलेल्या जागी जोडा, आधी युजर भरा आणि नंतर डंप परत भरणारा 'पीजी-रिस्टोर' चालवा. '-जे ४' दिले तर चार कामे समांतर चालतात, पण त्यासाठी फाइल कंटेनरच्या आत हवी; पाइपमधून ओतलेल्या डंपवर '-जे' चालत नाही. शेवटी टेबलांची आकडेवारी नव्याने काढणारे 'ॲनालाइझ' चालवा, नाहीतर पहिल्या दिवशी सगळ्या क्वेरी रेंगाळतील. महिन्याची बेरीज जुन्या हिशेबाशी ताळून पाहा आणि जुने व्हॉल्यूम निदान महिनाभर तसेच ठेवा.

डेटा शेकडो जीबी असेल तर डंपला फार वेळ लागेल. तिथे डंप न काढता डेटा नव्या आवृत्तीत नेणारे 'पीजी-अपग्रेड' वापरा. एवढे ध्यानात ठेवा, की १८ मध्ये नवा क्लस्टर (पोस्टग्रेसची एक अख्खी डेटा डिरेक्टरी) चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे, चालू ठेवूनच बनतो. जुन्यात ते बंद असतील तर नवाही 'नो-डेटा-चेकसम्स' देऊन बनवावा लागतो, नाहीतर अपग्रेड सुरूच होत नाही.

प्रश्न : कंपोझ फाइलमधला 'पोस्टग्रेस-पासवर्ड' बदलला, कंटेनर नव्याने उठवला, तरी जुनाच पासवर्ड चालतो. – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ते मूल्य डेटा डिरेक्टरी रिकामी असताना, पहिल्यांदाच वाचले जाते. आता डेटाबेसला आज्ञा द्यायच्या 'पीएसक्यूएल'मध्ये शिरून 'ऑल्टर रोल'ने बदला. 'इनिटडीबी.डी' फोल्डरमधल्या सुरुवातीच्या स्क्रिप्टही अशाच एकदाच चालतात.

प्रश्न : इमेज लहान हवी म्हणून डेबियनवरून आल्पाइनवर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) आलो, व्हॉल्यूम तेच ठेवले. आता काही ग्राहकांची मराठी नावे पूर्ण यादीत दिसतात, पण नावाने शोधले तर सापडत नाहीत. – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : हा बिघाड गंभीर आहे. लॉगमध्ये काही येत नाही, म्हणून तो उशिरा कळतो. मजकुरावरचा इंडेक्स हा लावून ठेवलेला क्रम असतो, आणि क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस सहसा सिस्टिमच्या सी लायब्ररीला विचारते. डेबियनची जीलिबसी भाषेचे नियम लावते. आल्पाइनची मसल नुसते बाइट तुलना करते. बाइटच्या क्रमात 'ळ' लगेच 'ल'मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. एका नियमाने लावलेल्या कपाटात दुसऱ्या नियमाने शोधले, तर असलेली वही हाती लागत नाही.

लगेच ॲप बंद करा आणि व्हॉल्यूमची प्रत घ्या. प्रत घेताना कंटेनरही बंदच असू द्या. मग डेबियनच्या त्याच आवृत्तीवर परत या. आल्पाइनवर असताना नोंदी झाल्या असतील, तर इंडेक्स दोन्ही नियमांनी मिसळला आहे, म्हणून इंडेक्स नव्याने बांधणारे 'रीइंडेक्स डेटाबेस' चालवाच. युनिक इंडेक्सवर (एकच नाव दोनदा येऊ न देणारा इंडेक्स) ते अडले, तर एकच ग्राहक दोनदा शिरला आहे असे समजा: इंडेक्सला जुने नाव सापडले नाही, म्हणून त्याने दुसरे येऊ दिले. ती जोडी हाताने निवडून, उधारी एका खात्यावर आणून, मग पुन्हा रीइंडेक्स करा. कुठले इंडेक्स बिघडले ते 'ॲमचेक' एक्स्टेन्शन दाखवते.

आल्पाइनच हवी असेल तर डंप-रिस्टोर करून जा. त्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. नुसती इमेज बदलू नका. जीलिबसीने २.२८ मध्ये स्वतःचाच क्रम बदलला होता, त्यामुळे डेबियनच्या डेबियनमध्येही जुन्यावरून नव्यावर जाताना हे घडते. म्हणून इमेजच्या टॅगमध्ये '१७' एवढेच न लिहिता डेबियनच्या आवृत्तीचे नावही लिहा.

प्रश्न : वार्षिक रिपोर्ट काढताना 'डिव्हाइसवर जागा नाही' अशी चूक येते. डिस्क तर अर्धी रिकामी आहे. – एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : डिस्क नव्हे, '/डेव्ह/एसएचएम' (मेमरीतली सामायिक जागा) भरले आहे. डॉकर प्रत्येक कंटेनरला तिथे ६४ एमबीच देते, आणि एका क्वेरीचे काम वाटून घेणारे समांतर वर्कर एकमेकांशी तिथूनच बोलतात. कंपोझमध्ये 'एसएचएम-साइझ' २५६ एमबी करा, मोठ्या रिपोर्टला १ जीबी, आणि कंटेनर नव्याने बनवा. नुसत्या रीस्टार्टने ते लागू होत नाही. मेमरीची मर्यादा घातली असेल तर ही जागाही त्यातच मोजली जाते, म्हणून मर्यादा तेवढी वाढवा. आज रात्रीच रिपोर्ट हवा असेल, तर त्या सेशनमध्ये 'मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर' ही सेटिंग शून्य करा, म्हणजे काम वाटले जाणार नाही. सावकाश निघेल, पण निघेल.