छातीतली महाधमनी फुगली तर ऑपरेशन कधी?

बाबा 66 वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी इको केला, तर महाधमनी 4.8 सेंटिमीटर फुगलेली निघाली. त्रास काहीच नाही. छाती उघडावी लागेल का? (प्रतापनगर)

आज नाही. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. तिचा हृदयातून वर जाणारा भाग 5.5 सेंटिमीटरला पोचला की ऑपरेशन सुचवतात, अनुभवी केंद्रात 5 लाही. मार्फानसारखा आनुवंशिक आजार असला, घरात कुणाची महाधमनी फाटली असली किंवा फुगा वर्षात अर्धा सेंटिमीटर वाढला, तर त्याही आधी. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करून नेमकं माप घ्या, सहा महिन्यांनी परत. जुन्या स्कॅनची सीडी फेकू नका, वाढ तिच्यावरूनच कळते. बीपी 130/80 च्या आत हवा आणि खर्रा आजपासून बंद. मे महिन्यात उन्हानं चक्कर आली तरी बीपीची गोळी मनानं सोडू नका, डॉक्टरांना डोस विचारा.

स्टेंटनं भागणार नाही का? (महाल)

फुगा कुठे आहे त्यावर आहे. पाठीकडून खाली उतरणाऱ्या भागात जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (कापड लावलेली जाळीची नळी) बसवता येतो, मात्र पुढे आयुष्यभर स्कॅन करावे लागतात. वर जाणाऱ्या भागाला अजूनही छाती उघडून डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी जोडणंच खात्रीचं. तिथली हृदयाची झडपही (व्हॉल्व्ह) खराब असेल तर दोन्ही बदलतात, ते बेंटॉल ऑपरेशन. मेकॅनिकल (यांत्रिक) व्हॉल्व्ह बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. झडप चांगली असेल तर ती वाचवण्याबद्दल सर्जनला आवर्जून विचारा.

काकाजींच्या छातीत, मग पाठीत एकदम चिरल्यासारखं दुखलं. ईसीजी नॉर्मल म्हणून गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं. पहाटे गेले. वाचले असते का? (वर्धा)

वर्णन महाधमनीचा आतला पदर फाटल्याचं वाटतं, पण तपासणीशिवाय नक्की सांगता येणार नाही. तसं असेल तर वाचण्याची संधी होती, आणि हे लिहिताना मला फार वाईट वाटतं. फाट हृदयाजवळची असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, म्हणून रात्रीच ऑपरेशन लागतं. यात ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. अशा दुखण्यात दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा. फरक असला तर संशय वाढतो, नसला तरी सीटी अँजिओ हवाच. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं. सीटी आणि हार्ट सर्जन दोन्ही असलेल्या ठिकाणीच न्या, निघतानाच फोन करा. फाट फक्त खालच्या भागात असेल तर आधी औषधं, रक्तपुरवठा अडला किंवा गळती झाली तर स्टेंट.

बेंटॉल होऊन तीन महिने झाले. दात काढायचा आहे. (कामठी)

काढा, पण व्हॉल्व्ह बदलल्याचं दंतवैद्यांना आधी सांगा. तासभर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल. रक्त पातळ करायची गोळी मनानं थांबवू नका, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) पाहून तुमचे सर्जन सांगतील तसं करा.